शब्द तोडणारा

टक् असा आवाज झाला, तोही फार मोठा नाही. दुबईत अल क्वोजमधल्या त्या छापखान्याचं मागचं शटर ऑगस्टच्या उन्हापायी अर्ध्यावर ओढलेलं असायचं आणि ये-जा करणारे सवयीने मान लववायचे. हूकस्ट्राबाईंना ती सवय कुठून असणार? हॉलंडहून त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या माहितीपत्रकांचं मोठं काम त्यांच्या कंपनीकडून यायचं. बाई सत्तरीला टेकलेल्या, पण चालणं तरातरा. मागे वळून मॅनेजर उझैरभाईंना काहीतरी विचारत त्या पुढे झाल्या आणि त्यांचं पांढरंशुभ्र डोकं शटरच्या लोखंडी पट्टीला लागलं. रक्त नाही, खोक नाही. बाई स्वतःच हसल्या. उझैरभाईंनी "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम"चा जप लावला, कटिंग मशीनवरचा भिकाजी पाण्याची बाटली घेऊन धावला, कोणीतरी खुर्ची आणली. छपाईची पानं संगणकावर लावणारा निनाद पेडणेकर चार पावलांवर उभा होता. त्याला खास वरून बोलावून आणलं होतं, कारण छापखान्यात डच येणारा तो एकटा. "ये हमारा डचवाला," अशी उझैरभाईंनी नुकतीच ओळख करून दिली होती आणि बाईंचा चेहरा उजळला होता. आता खुर्चीत बसल्यावर बाईंनी त्यालाच खुणेने जवळ बोलावलं, बाही धरून खाली वाकवलं आणि आवाज उतरवून भराभर दोन-तीन वाक्यं बोलल्या. शेवटी बोट उभारून काहीतरी बजावलं. निनादने मान हलवली. "या, या," म्हणाला. डचमध्ये हो म्हणायला तेवढं पुरतं. बाईंनी समाधानाने त्याच्या हातावर थोपटलं. "क्या बोली?" उझैरभाईंनी विचारलं. "कुछ नहीं," निनाद म्हणाला, "ठीक हूँ बोल रही है. थोड़ा आराम करेगी तो अच्छा लगेगा." मग बाईंना ड्रायव्हरबरोबर हॉटेलवर पाठवायचं ठरलं, चार वाजताची मीटिंग तशीच ठेवली, आणि निनाद जिना चढून आपल्या खुर्चीत येऊन बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपली बोटं टेबलावर काहीतरी मोजताहेत.

खरं सांगायचं तर निनाद पेडणेकरला डच येत नव्हतं. गेली अकरा वर्षं येत नव्हतं. त्याला डच शब्द तोडता यायचे, आणि ही गोष्ट वेगळी आहे हे अकरा वर्षांत एकालाही कळलं नव्हतं. मुंबईतला जुना छापखाना बंद पडला तेव्हा दादरच्या एका एजंटने त्याचा बायोडेटा पुढ्यात ओढून घेतला होता. "डच कॅटलॉगची पानं लावलीयस ना कधी? मग लिही डच. गल्फला सगळे लिहितात." एजंटनेच ते लिहिलं, निनादने फक्त सही केली. दुबईहून फोनवर मुलाखत झाली तेव्हा कोणीतरी विचारलं, डच आता है? आणि तो म्हणाला होता, काम चल जाएगा. काम चाललंही. डच भाषेत चार-चार शब्द एकमेकांना जोडून एकच लांबलचक शब्द करतात, मालगाडीसारखा, आणि माहितीपत्रकाचा रकाना असतो अडीच बोटं रुंद. ओळ संपते तिथे शब्द तोडावा लागतो, तो नेमका सांध्यावर. संगणक तोडतो, पण कसाही तोडतो. सुरुवातीला निनादही कसाही तोडायचा, अगदी मराठी माणसाने तोडावा तसा. आपल्या जिभेला मागचं व्यंजन पुढच्या स्वराला चिकटवायची खोड असते, म्हणून इस्पितळात भरती होण्याचा त्यांचा जो शब्द, झीकन-हाउस-ओपनामे, तो त्याने हाउ-सोप असा तोडला होता. हॉलंडहून प्रूफावर तांबडं वर्तुळ आलं. मग त्याला आठवले आठवीतले गण. लघु-गुरूच्या खुणा अक्षरांच्या डोक्यावर मांडून तिनाचे गट पाडायचे, वृत्त ओळखायचं. कवितेचा अर्थ कळो न कळो, पाच मार्क पक्के. निनादचे नेहमी पक्के असायचे. त्याने पेन्सिल घेतली आणि डच शब्दांच्या डोक्यावर खुणा मांडायला लागला. आधी डब्यांचा सांधा शोधायचा, मग डब्यातली अक्षरं. आपल्याकडे उच्चाराचं वजन सगळ्या अक्षरांवर जेवणाच्या पंक्तीसारखं सारखं वाढलेलं असतं. त्यांच्याकडे तसं नाही. त्यांच्याकडे जोडशब्दाच्या पहिल्या डब्यावर घण बसतो आणि बाकीचे डबे निमूट मागून येतात. ते ऐकायला म्हणून त्याने शारजाच्या बसमध्ये कानात डच रेडिओ लावायला सुरुवात केली. अल नहदातल्या घरापासून अल क्वोजपर्यंत, जाताना सव्वा तास आणि येताना दीड, अकरा वर्षं. बातम्या, हवामान, शेतकऱ्यांचे की कोणाचे तरी वाद. एक अक्षर कळलं नाही, पण बोलणाऱ्याने वजन एका केसाने इकडेतिकडे टाकलं तरी निनादच्या मानेला झटका बसायचा.

बोटं मोजत होती ती चार अक्षरं. ब्लूट, फर, डन, नर्स. बाईंनी खुर्चीत बसून जे काही भराभर सांगितलं त्यातला एवढा एक शब्द धडधडीत ओळखीचा होता. निनादने तो शंभरदा तोडला असेल. पहिल्यावर घण, दुसरं गिळल्यासारखं, तिसऱ्यावर नखभर वजन, चौथं सोडून दिलेलं. ब्लूटनंतर तोडला तर उत्तम, फरनंतर चालेल, त्याच्या पुढे नको. त्याची सगळी हाडं माहीत, आणि माणूस कोण ते माहीत नाही. बघायला काय लागत होतं? समोर संगणक, खिशात फोन, चार सेकंदांचं काम. पण निनादचा एक नियम होता, आणि तो त्याने अकरा वर्षांत मोडला नव्हता. अर्थ बघायचा नाही.

नियमाला कारण होतं. इथे आल्यावर सहा महिन्यांनी बायको सुनेत्रा आणि मुलगी ईश्वरी आल्या तेव्हा ईश्वरी नऊ महिन्यांची होती. नवीन जागा, एसीचा घरघराट, पोर रात्र रात्र रडायची. त्या दिवसांत तान्ह्या मुलांच्या गाद्यांचं एक माहितीपत्रक चाललं होतं आणि त्यात एक फार गोड शब्द पुन्हापुन्हा येत होता. वी-खन-दोट. पहिल्यावर हलकासा घण, मग उतरण, मग थांबा. झोका मागे जाऊन पुढे यावा तशी त्याची चाल होती. निनाद मुलीला खांद्यावर टाकून अल नहदाच्या त्या दीड खोल्यांत येरझाऱ्या घालायचा आणि गुणगुणायचा, वीखनदोट, वीखनदोट. पोर शांत व्हायची. सुनेत्रा अंथरुणातून म्हणायची, "काय गोड आहे रे, काय म्हणजे ते?" तो म्हणायचा, "डच अंगाई आहे." आठवडाभराने ऑफिसात सहज, कौतुकाने, त्याने तो शब्द शोधला. पाळण्यातलं मूल झोपेत अचानक मरतं, त्याचा तो शब्द होता. निनाद अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून घरी गेला होता. दुपारचं मूल झोपलेलं. त्याने नाकाशी बोट धरलं, मग कान छातीला लावला, आणि सुनेत्रा स्वयंपाकघरातून येईपर्यंत तसाच ओणवा राहिला. पुढे दोन दिवस त्याला एकही शब्द धड तोडता आला नव्हता. सांधा शोधायला जावं तर मधूनच काहीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटायचं. तेव्हापासून नियम. सुनेत्राला त्याने हे कधी सांगितलं नाही, जसं त्याने बाकीचंही काही सांगितलं नव्हतं. ती सोसायटीत अभिमानाने सांगायची, आमच्या ह्यांना डच येतं बरं का. गणपतीला पंधरा-वीस मराठी घरं जमायची, आरतीनंतर कोणीतरी म्हणायचंच, पेडणेकर, होऊन जाऊ दे डच. मग निनाद घसा खाकरून एखाद्या पत्रकातला परिच्छेद सुरात म्हणून दाखवायचा. टाळ्या पडायच्या. ईश्वरीने एकदा ते फोनवर रेकॉर्ड केलं होतं आणि वर्गातल्या मैत्रिणींना पाठवलं होतं, माय बाबा इज सो कूल. काय म्हणालो होतो आपण त्या वेळी? चेहऱ्याला सूज आल्यास गोळी बंद करा, की गोळी गुदद्वारावाटे सरकवा? परमेश्वराला ठाऊक.

साडेबाराला भिकाजी वर आला. राजापूरकडचा माणूस, पन्नाशीचा, अल क्वोजमध्येच कामगारांच्या खोल्यांत राहायचा. प्रूफांचा गठ्ठा टेबलावर ठेवून तो तसाच घोटाळत राहिला. "सायेब, एक इचारू? ती गोरी आजी बरी हाय ना?"

"का रे?"

"नाय, गाडीत बसताना मी छत्री धरलेली. तर ती दाराच्या कडीला हात लावायचा सोडून काचेवरच चाचपडीत व्हती. दोन येळा. मी दार उघडून दिलं. म्हटलं उनाची तिरीप असंल."

"असेल," निनाद म्हणाला. "ऊन काय कमी आहे?"

"ती तुमच्याशीच बोलली ना काय ते. मंग तुमाला ठावं." भिकाजी निघून गेला. तुम्हाला ठाऊक. आतापर्यंत ती नुसती बेचैनी होती, दाढेत अडकलेल्या कणासारखी. आता ती भीती झाली. त्याने एसी बंद केला, मग घाम आला म्हणून पुन्हा लावला. बाई काय बोलल्या होत्या? तो डोळे मिटून पुन्हा त्या खुर्चीपाशी वाकला. बाहीवरची पकड, पेपरमिंटचा वास, आणि ती कुजबुज. आधी काहीतरी छोटं, मग ब्लूट-फर-डन-नर्स. मग उझैरभाईंकडे नजर, त्यांना ऐकू जाऊ नये अशी. मग एक लांब वाक्य, त्यात रार असा एक आघात. मग बोट वर, आणि मतेन बेलन. मतेनच्या तेनवर घण, बेलनच्या बेवर. हे शब्द रेडिओवर रोज भेटायचे, रस्त्यात मान हलवावी तसे. बाईंनी ते विनंती करावी तसे म्हटले नव्हते. काम सोपवावं तसे म्हटले होते. आणि आपण काय म्हटलं? या, या.

त्याने फोन उलटा करून ठेवला होता तो सुलटा केला. स्पेलिंग त्याला चुकणारच नव्हतं, या बाबतीत त्याच्याइतका पक्का माणूस अख्ख्या अमिरातीत सापडला नसता. एकेक अक्षर टाकताना त्याला आपण कोणाच्या तरी बंद खोलीचं दार लोटतोय असं वाटलं. रक्त पातळ करणारी औषधं. तो बघत राहिला. ब्लूट म्हणजे रक्त. एवढंच? अकरा वर्षं ज्या अक्षरावर तो घण बसवत होता ते रक्त होतं. मग त्याने रार टाकला. विचित्र, वेगळं. मतेन. ताबडतोब. बेलन. फोन करणे. चार सुटे शब्द स्क्रीनवर एकाखाली एक पडले आणि त्यांचे सांधे जुळवायला निनादला दुसऱ्या कोणाची गरज उरली नाही. मी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेते. मी विचित्र वागायला लागले तर ताबडतोब डॉक्टरला फोन कर. बाईंनी सगळ्यांना सोडून, त्यांची भाषा येणारा माणूस म्हणून, आपला जीव त्याच्या हातात ठेवला होता आणि निर्धास्त होऊन झोपायला गेल्या होत्या.

त्याने सुनेत्राला फोन लावला. ती अल नहदामधल्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होती. "अगं, एक विचारायचं होतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला डोक्याला लागलं तर काय करतात?"

"सरळ इमर्जन्सीला पाठवतात. आमचे डॉक्टर तर बसूसुद्धा देत नाहीत. का?"

"अगदी साधं लागलं असलं तरी? नुसतं टक् करून?"

"तेच वाईट. वरून काही दिसत नाही, आत रक्त साठत राहतं. माणूस बोलतो-चालतो आणि मग एकदम जातो. कोणाला लागलंय निनाद?"

"कोणाला नाही. प्रूफ वाचतोय एका औषधाचं, त्यात आहे."

"मग मला काय विचारतोस? तुला कळतंय की सगळं." ती हसली. "आवाज का असा येतोय तुझा? जेवलास का?"

"जेवतो," म्हणून त्याने फोन ठेवला. एक वाजून दहा मिनिटं. बाईंना जाऊन दोन तास होत आले होते. आता उझैरभाईंना सांगायचं, बस. एक वाक्य. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं वाक्य जोडलेलं होतं आणि त्याच्या मागे तिसरं, आणि ती गाडी कुठे जाऊन थांबते ते निनादला स्वच्छ दिसत होतं. त्या गोळ्या घेतात, असं त्यांनी मला सांगितलं. कधी? अकरा वाजता. मग अकरा वाजता तू काय सांगितलंस मला? खोटं का सांगितलंस? आणि खोटं नव्हतं तर काय होतं? तो दुसरं काही जुळवायला लागला. बाईंनी आत्ता मेसेज केला म्हणावं? त्यांच्याकडे नंबर कुठे आहे? आपल्याला आत्ता आठवलं म्हणावं? असं कोणी विसरतं का? हॉटेलला परस्पर फोन करून नाव न सांगता कळवावं? हॉटेलवाले आधी उझैरभाईंनाच विचारतील. मन इतकं सराईतपणे पळवाटा काढत होतं की त्याला स्वतःची किळस आली, आणि किळस आली तरी ते थांबत नव्हतं. नोकरी गेली की व्हिसा गेला. व्हिसा गेला की महिनाभरात गाशा. ईश्वरी सहावीत, मराठी वाचता येत नाही. सुनेत्राला सोसायटीत कोणी विचारलं तर ती काय सांगेल? शेहेचाळिसाव्या वर्षी मुंबईत जाऊन सांगायचं काय, की मला न कळणारी भाषा तोडता येते? आणि मध्येच तो विचार यायचा, सगळ्यांत वाईट, अगदी समजूतदार आवाजात यायचा: बाई खरंच गेल्या, तर त्या आपल्याला काय बोलल्या ते कोणालाच कळणार नाही. निनाद खुर्चीतून उठला. त्याला स्वतःची भीती वाटली. हा विचार आपल्या डोक्यात आला, दुसऱ्या कोणाच्या नाही. त्याने उभ्या उभ्याच फोन लावला, बसला असता तर कदाचित लावला नसता.

"उझैरभाई, वो मैडम को एक बार फोन करके देखो."

"अरे, अभी लेटी होगी. क्यों?"

"बस, पूछ लो. डोक्याला मार लागलाय... सर पे लगा है ना. मेरे को भी लाइन पे लो."

"तू भी ना मियाँ." उझैरभाई कुरकुरले, पण त्यांनी लावला. बराच वेळ वाजत राहिला. त्या वेळात निनाद खिडकीतून खालच्या रिकाम्या पडलेल्या रस्त्याकडे बघत होता आणि देवाचं नाव घ्यावं तर एकही आठवत नव्हतं. मग खडखड झाली आणि बाईंचा आवाज आला. "येस?" उझैरभाईंनी इंग्रजीत विचारपूस केली. बाई इंग्रजीत म्हणाल्या, आय अ‍ॅम फाइन, आय स्लीप, आय अ‍ॅम फाइन. जरा सावकाश, झोपेतल्यासारख्या. "खलास," उझैरभाई हिंदीत म्हणाले, "सुन लिया? ठीक है वो." निनादला सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं, अंगातून कळ निघून जावी तसं. बाई बऱ्या आहेत, स्वतः म्हणाल्या. आता फोन ठेवायचा आणि चार वाजेपर्यंत प्रूफं बघायची. पण त्याचं तोंड आधीच उघडलं होतं. त्याला डचमध्ये प्रश्न विचारता येत नव्हता, म्हणून त्याने नुसता तो शब्द म्हटला, शेवटी आवाज थोडा वर उचलून. ब्लूट-फर-डन-नर्स? बाईंनी तोच शब्द परत म्हटला.

निनादच्या मानेला झटका बसला. पहिल्या अक्षरावर घण नव्हता. ब्लूट कुठेतरी पाण्यात बुडालं होतं, फर आणि डन एकमेकांत मिसळले होते, आणि वजन होतं ते भलतीकडे, शेवटच्या नर्सवर, तेही ओढत, फरफटत. सांधाच नव्हता. त्याने अकरा वर्षं बसमध्ये ऐकलेल्या हजारो माणसांपैकी, म्हाताऱ्या, रडक्या, दारू प्यायलेल्या, एकानेही असा शब्द टाकला नव्हता. बाईंनी तो पुन्हा म्हटला, आणि या वेळी अक्षरं चारही नव्हती, तीन होती. मग त्या आणखी काहीतरी बोलत गेल्या आणि ते सगळं तसंच होतं, हाडं काढून घेतलेलं.

"क्या बोली?" उझैरभाईंनी विचारलं.

अकरा वाजता विचारलेला प्रश्न, त्याच सुरात. उत्तर द्यायला एक श्वास होता. त्या एका श्वासात निनादला एजंटचं पेन, ईश्वरीने रेकॉर्ड केलेला आपला आवाज, गणपतीपुढच्या टाळ्या असं काहीबाही दिसून गेलं, आणि भीती इतकी दाटली की तिच्यापलीकडे काही उरलंच नाही.

"उझैरभाई, मुझे डच नहीं आता."

"क्या?"

"कभी नहीं आया. ग्यारह साल से झूठ बोल रहा हूँ. सुबह वो बोली कि खून पतला करने की गोली लेती हूँ, मैं समझा नहीं, मैंने आपको कुछ भी बता दिया. अभी हॉटेलवालों को बोलो दरवाज़ा खोलें. एम्बुलन्स बुलाओ. उसका बोलना बिगड़ गया है."

"एक मिनट, एक मिनट." उझैरभाईंचा आवाज खाली आला. "तेरे को डच नहीं आता?"

"नहीं."

"तो तेरे को क्या मालूम, बिगड़ा है?"

अकरा वर्षं जे होतं ते सगळं या एका प्रश्नात होतं. निनादने टेबलावर हाताची मूठ ठेवली. "सुनो. सुबह ऐसे बोली थी," आणि त्याने मूठ आपटत म्हणून दाखवलं, पहिल्या अक्षरावर घण, बाकीचे मागून. "अभी ऐसे बोली," आणि त्याने ते दुसरं म्हटलं, बुडालेलं, ओढलेलं. ते उच्चारताना त्याचीच जीभ जड झाली, त्याचाच चेहरा एका बाजूने ओघळला. उझैरभाई म्हणजे लहानपणी मदरशात अर्थ न कळता अख्खं कुराण पाठ केलेला माणूस. एक मात्रा घसरली की काय होतं ते त्याला कळत असावं, नसावं. "फिर से बोल," ते म्हणाले. निनादने पुन्हा दोन्ही म्हटलं. "या अल्लाह," उझैरभाई हळूच म्हणाले आणि लाइन बंद झाली.

पुढचा तासभर निनाद उभाच होता. मग फोन आला. हॉटेलवाल्यांनी दार उघडलं तेव्हा बाई पलंगाच्या कडेला एक बूट हातात घेऊन बसल्या होत्या, शुद्धीवर होत्या, उजवा हात हलत नव्हता. स्कॅन झाला होता, डोक्यात रक्त साठलं होतं, डॉक्टर लगेच ऑपरेशन करणार होते. वाचतील का, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. "इंग्लिश बिलकुल गया उसका," उझैरभाई म्हणाले. "सिर्फ़ डच बोल रही है. तेरे को ढूँढ रही है, हाथ से आस्तीन दिखाती है. मैं क्या करूँ, किसको लाऊँ? आ जा तू." मग वेगळ्या आवाजात, "बाक़ी बात कल दस बजे. मालिक को बताना पड़ेगा मेरे को. समझा ना?"

"समझा," निनाद म्हणाला.

टॅक्सीत त्याने ड्रायव्हरला यल्ला भाई, जल्दी, एवढंच सांगितलं आणि फोन काढला. अर्थ बघायचा नाही हा नियम आता कुठल्या कुठे गेला होता; त्याने उलट बाजूने, मराठी वाक्य टाकून, त्याचं डच मागितलं. चारच शब्द आले. इक स्प्रेक खेन नेदरलांट्स. त्याने मांडीवर बोटांनी गण पाडले. इक सोडून द्यायचं, स्प्रेकवर वजन, खेनवर त्याहून जास्त, नेदरलांट्सचा घण पहिल्यावर. तो ते म्हणत राहिला, आधी ओठांतल्या ओठांत, मग मोठ्याने. आरशात ड्रायव्हरने एकदा बघितलं. पूर्वी वाक्य बसलं की निनादला बरं वाटायचं. आज प्रत्येक खेपेला ते जास्त बसत होतं आणि प्रत्येक खेपेला ते म्हणणं जास्त अवघड होत होतं, कारण या खेपेला आपण काय म्हणतोय ते त्याला कळत होतं.

तो इस्पितळात पोचला तेव्हा बाईंना ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर आलंच होतं. अर्धं डोकं भादरलेलं, चेहरा एका बाजूने विस्कटलेला. पण डोळे जागे होते, आणि निनादला बघताच त्या डोळ्यांत इतका विश्वास आला की त्याला पळून जावंसं वाटलं. बाईंनी डाव्या हाताने त्याची बाही धरली आणि बोलायला लागल्या. लांब, तुटक, बुडतं डच. त्यात प्रश्न होता हे शेवटच्या चढावरून कळत होतं; घरच्यांसाठी काही सांगत होत्या की भीती वाटतेय म्हणत होत्या, ते कळायचा मार्ग नव्हता. या, या म्हटलं असतं तर त्या शांत झाल्या असत्या. म्हणावंसं वाटलंही. निनाद खाली वाकला आणि त्यांच्या कानाशी, प्रत्येक वजन जिथल्या तिथे ठेवत म्हणाला, "इक स्प्रेक खेन नेदरलांट्स."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. बाहीवरची पकड सुटली नाही, सैलही झाली नाही. मग स्ट्रेचर हललं तशी बोटं आपोआप निघाली आणि ऑपरेशन थिएटरची जोड-दारं मागे मिटली. एक मल्याळी सिस्टर फॉर्म घेऊन पुढे आली, तिच्या मागे उझैरभाई भिंतीला टेकून उभे होते. "आप ट्रान्सलेटर हैं ना?" तिने विचारलं. "पेशंट क्या बोली?"

"पता नहीं," निनाद म्हणाला.

"और आपने क्या बोला उनको?"

"कि मुझे डच नहीं आता."

सिस्टरने फॉर्मवरून मान वर केली आणि तिला ते नीट कळलं नाही असं दिसलं. "पर वो तो आपने डच में बोला."

"हाँ," निनाद म्हणाला. "उतना ही आता है." आणि बसायला सांगितलं नव्हतं तरी तो तिथल्या बाकावर बसला.